रिकामा काटा

विद्यार्थिमित्रहो, आपल्या वार्षिकाच्या संपादकांनी यंदा मजकडे एखाद्या शास्त्रीय विषयावर सोपा लेख मागितला. वीस वर्षे विज्ञान शिकवीत असल्यामुळे असा लेख मला जड जावयास नको होता. परंतु लिहावयास बसलो तेव्हा ध्यानात आले की, मला जे सांगावयाचे आहे त्यात शास्त्र जितके आहे तितकीच माझी एक चूकही आहे. शिक्षक दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने दाखवीत असतो. स्वतःची चूक चारचौघांत मांडण्याचा प्रसंग त्याजवर क्वचितच येतो. तो प्रसंग मी आज आपण होऊन ओढवून घेत आहे. आपल्या पालकांनीही हा लेख वाचावा अशी माझी विनंती आहे. कारण त्यांच्या घरातही असा एखादा वृद्ध असेल, की ज्याचे म्हणणे कोणी पुरते ऐकून घेतलेले नाही.

माझे वडील आपल्या जिल्ह्याच्या उत्तर भागातील एका सहकारी साखर कारखान्यात एकतीस वर्षे वजनकाट्यावर कारकून होते. गळिताचा हंगाम सुरू झाला म्हणजे रात्रंदिवस उसाच्या बैलगाड्या व ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या काट्यापुढे रांगेने उभ्या असत. भरली गाडी काट्यावर घ्यावयाची, वजन लिहावयाचे, ऊस उतरल्यावर रिकामी गाडी पुन्हा काट्यावर घ्यावयाची आणि वजाबाकी करून शेतकऱ्याच्या हाती चिठ्ठी द्यावयाची, असे ते काम. बाहेरून पाहणारास ते यांत्रिक वाटे. परंतु बाबांचा एक नेम होता. पाळीवर येताच ते प्रथम रिकामा काटा पाहत. काट्यावर काही नसताना तो शून्य दाखवितो की नाही, हे त्यांना आधी कळावयास हवे असे. कधी फळीखाली पाचट अडकलेले असे, कधी चिखल साचलेला असे. ते काढल्यावाचून त्यांनी पहिली गाडी कधी घेतली नाही. मागे गाडीवाले ओरडत असले तरी ते म्हणत, “काट्याला विचारल्याशिवाय उसाला दोष देऊ नये.”

निवृत्तीनंतर ते आम्हांकडे नगरास राहावयास आले. शहराचे व जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले असले, तरी बोलताना आम्ही अद्यापि नगरच म्हणतो. येताना त्यांनी एक लोखंडी पेटी आणली, आणि चामड्याच्या वेष्टनातील एक जुना ट्रान्झिस्टर आणला. तो मध्यम व लघु लहरींचा. त्यावर ते पुणे केंद्र लावीत. संध्याकाळच्या बातम्या व शेतकऱ्यांसाठी असलेला कार्यक्रम ऐकल्यावाचून ते जेवावयास बसत नसत. “एफ. एम. चा नवा संच आणून देतो,” असे मी दोनदा म्हणालो, परंतु “मला हाच बरा,” असे त्यांचे उत्तर ठरलेले.

२०१९ साली त्यांच्या डोळ्यांतील मोतीबिंदू काढला. वाचनास सोपे जावे म्हणून मी त्यांच्या खाटेच्या वर एलईडीचा एक स्वस्त पण लख्ख दिवा बसवून दिला. मुलाने काही केले याचे त्यांना समाधान वाटले, आणि मलाही. त्यानंतर काही दिवसांनी ते मला म्हणाले, “अरे, हा रेडिओ संध्याकाळचा फार खरखरतो. सकाळी बरा लागतो.”

हे ऐकताच माझ्यातील शिक्षक जागा झाला. मी त्यांना वातावरणाच्या वरच्या थरांविषयी एक व्याख्यानच दिले. दिवसा सूर्यप्रकाशामुळे आकाशात जो एक खालचा विद्युद्भारित थर तयार होतो, तो मध्यम लहरींना शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, मग दूरदूरच्या केंद्रांच्या लहरी वरच्या थरावरून परावर्तित होऊन येतात व आपल्या केंद्रात मिसळतात. सबब रात्री खरखर वाढते, इत्यादी. हे सारे खरे आहे, पुस्तकात आहे, आणि परीक्षेत कोणी लिहिले तर मी पूर्ण गुण देईन. बाबांनी ते शांतपणे ऐकून घेतले. मग ते एवढेच म्हणाले, “असेल. पण वीज गेली की तो छान लागतो, हे बघ एकदा.”

मी हसलो. “बाबा, तुमचा रेडिओ सेलवर चालतो. घरात वीज असली काय अन् नसली काय, त्याला कसे कळणार?”

मित्रहो, हे वाचून तुम्हांपैकी काहीजण हसले असतील. मीही तसाच हसलो, हे लक्षात ठेवा. बाबा पुढे काही बोलले नाहीत. चार-सहा महिन्यांनी तो ट्रान्झिस्टर कपाटावर गेला. मी समजलो, वय झाले, आवड ओसरली. जी तक्रार थांबते ती मिटली असेच आपण धरून चालतो.

पुढे मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. आम्ही शिक्षक भ्रमणध्वनीच्या पडद्याकडे पाहून शिकवू लागलो. संध्याकाळी वेळ मोकळा मिळे. अशा वेळी, २०२१ च्या आरंभी, मी एक लहानसे यंत्र विकत घेतले. आगपेटीहून थोडे लांब, एका टोकास संगणकात खोचावयाचा यूएसबीचा दांडा, दुसऱ्या टोकास एरियलचे भोक, एवढेच त्याचे रूप. किंमत अडीच हजार रुपयांच्या आत-बाहेर. त्यास सॉफ्टवेअरने घडणारा रेडिओ म्हणतात.

या यंत्राचा इतिहास मनोरंजक आहे. त्यातील मुख्य चकती ‘रिअलटेक’ या तैवानच्या कंपनीने संगणकावर दूरचित्रवाणी पाहता यावी म्हणून तयार केली होती. २०१२ साली अंटी पालोसारी या फिनलंडच्या संगणकतज्ज्ञाच्या असे लक्षात आले की, ही चकती हवेतून आलेली लहर जशीच्या तशी, आकड्यांच्या रूपाने, संगणकाच्या स्वाधीन करू शकते. इतर हौशी लोकांनी त्यासाठी आज्ञावल्या लिहिल्या व त्या सर्वांस फुकट दिल्या. तोवर असे काम करणाऱ्या यंत्राची किंमत सामान्य मनुष्याच्या आवाक्याबाहेर असे. एका कामासाठी केलेली स्वस्त वस्तू दुसऱ्या, अधिक मोठ्या कामास लागली.

जुन्या रेडिओत एक केंद्र दुसऱ्यापासून निवडण्याचे काम तारेची वेटोळी व धातूच्या पट्ट्या करीत. या नव्या यंत्रात ते बहुतांशी गणिताने होते. बाबांनी “हे काय करते?” म्हणून विचारले तेव्हा मला काट्याची उपमा सुचली. मी म्हणालो, “हा एक काटाच आहे असे समजा. एरियलवर आलेल्या लहरीचे तो एका सेकंदात सुमारे चोवीस लाख वेळा वजन करतो, आणि प्रत्येक वजन २५६ पायऱ्यांपैकी कोणत्या पायरीवर पडले ते लिहून संगणकाकडे पाठवितो. संगणक त्या आकड्यांतून पुणे वेगळे काढतो, मुंबई वेगळी काढतो.” बाबांना हे पटकन उमगले. वर्गातील कित्येकांना उमगण्यास याहून अधिक वेळ लागतो.

पहिले काही महिने मोठ्या आनंदाचे गेले. संगणकाच्या पडद्यावर लहरींचे चित्र धबधब्यासारखे वरून खाली उतरत असते. जेथे केंद्र असेल तेथे उजळ रेषा दिसते. रेषेवर बोट ठेवावे आणि आवाज ऐकावा. आपल्यावरून जाणारी प्रवासी विमाने १०९० मेगाहर्ट्झवर आपली ओळख, उंची व जागा स्वतःच जाहीर करीत जातात. ती वाचून माझी कन्या, जी तेव्हा आठवीत होती, नकाशावर विमानांच्या वाटा काढी. अमेरिकेचे ‘नोआ’ नावाचे हवामानाचे उपग्रह सुमारे साडेआठशे किलोमीटर उंचीवरून जाताना १३७ मेगाहर्ट्झच्या आसपास खालच्या भूमीचे चित्र सेकंदाला दोन ओळी या गतीने पाठवीत. अॅल्युमिनियमच्या दोन नळ्या इंग्रजी व्ही अक्षरासारख्या बांधून आम्ही गच्चीवर एरियल केले. मे २०२१ च्या मध्यास तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेले, तेव्हा त्याचा पांढरा भोवरा आमच्या संगणकावर ओळी-ओळीने उतरला. वर्तमानपत्रातील चित्र पाहणे निराळे, आणि आपल्या गच्चीवर आपणच ते आकाशातून उतरवून घेणे निराळे. त्या मालिकेतील शेवटचे तीन उपग्रह २०२५ साली बंद करण्यात आले. ते चित्र आता केवळ माझ्या संग्रही आहे.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. हे यंत्र पुष्कळ ऐकू शकते. म्हणून जे ऐकू येईल ते सर्व आपल्यासाठी आहे असे नाही. दुसऱ्याचे पत्र आपल्या दारात पडले म्हणून ते फोडू नये. पोलिसांचे किंवा कोणाचे खासगी संभाषण ऐकणे हे कायद्याच्याही विरुद्ध आहे आणि सभ्यतेच्याही. जे सर्वांसाठी सोडलेले आहे तेवढेच ऐकावे, हा आमच्या घरचा नियम आहे.

वादळाचे चित्र बाबांनी पुष्कळ वेळ न्याहाळले. मग ते म्हणाले, “एवढ्या लांबचा ढग दिसतो, तर यावर आपले पुणे लागेल का?”

मी घेतलेल्या यंत्रात मध्यम लहरींची सोय होती. दुसऱ्या दिवशी गच्चीपासून अंगणातील कडुनिंबापर्यंत एक लांब तार बांधली. तिचे टोक यंत्रास जोडले, लॅपटॉप बॅटरीवर ठेवला आणि पडदा उघडला. या यंत्राच्या एका दृष्टिक्षेपात मध्यम लहरींचा संपूर्ण पट्टा मावतो. पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर दिसावयास हवे होते. परंतु पडद्यावर डावीकडून उजवीकडे एकसारख्या अंतरावर उभ्या, जाड, थरथरत्या रेषा दिसल्या. जणू कोणी कुंपणाच्या खांबांची रांगच रोवली होती. ७९२ च्या जागी एक फिकट सावली दिसे व कानी नुसती खरखर येई. तार लांब केली तर खरखर वाढली, आखूड केली तर पुणेही गेले.

दोन संध्याकाळी मी खटपट केली. मग माझा निकाल ठरला: यंत्र सदोष आहे. विकणाऱ्यास मी एक कडक पत्र लिहून ठेवले. त्यात “विज्ञानाचा पदवीधर या नात्याने” असे शब्द मी वापरले होते, हे आठवले की आज लाज वाटते. बाबा शेजारी बसून पाहत होते. त्यांनी विचारले, “तू म्हणालास हा काटा आहे. मग रिकामा काटा पाहिलास का?”

“म्हणजे?”

“काट्यावर काही नसताना तो किती दाखवितो ते.”

मी म्हणालो, “बाबा, हा तसला काटा नव्हे.” आणि पत्राची शेवटची ओळ लिहू लागलो.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सायंकाळी आभाळ स्वच्छ असताना वीज गेली. वीज जाणे ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाही. मी लॅपटॉप मिटावयास हात पुढे केला, आणि हात तसाच राहिला. पडद्यावरील खांबांची रांग एका क्षणात नाहीशी झाली होती. काळ्या पार्श्वभूमीवर सात-आठ बारीक, सरळ, उजळ रेषा उभ्या होत्या. त्या ठिकाणी त्या पूर्वीपासून होत्याच, फक्त झाकल्या गेल्या होत्या. ७९२ वर बोट ठेवले. अंधाऱ्या घरात एक मनुष्य स्पष्ट मराठीत बोलू लागला.

बाबा काठी टेकीत दारात येऊन उभे राहिले. ते काही बोलले नाहीत. आम्ही सर्वजण पंधरा-वीस मिनिटे तसेच अंधारात ऐकत बसलो. मग दिवे लागले, आणि त्याच क्षणी खांबांची रांग परत आली व तो आवाज बुडाला.

दोन वर्षांपूर्वीचे त्यांचे वाक्य मला तेव्हा आठवले. “वीज गेली की तो छान लागतो, हे बघ एकदा.” त्यांनी मला कारण सांगितले नव्हते, कारण त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी निरीक्षण सांगितले होते, आणि ते तपासावयाची रीतही सांगितली होती: एकदा बघ. याहून अधिक शास्त्रज्ञ तरी काय सांगतो? मी मात्र निरीक्षण न करताच पुस्तकातून कारण काढून दिले होते. ते कारण खोटे नव्हते. ते या प्रश्नाचे नव्हते, इतकेच.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीस आम्ही शोध सुरू केला. कन्या लॅपटॉपपाशी बसली; मी विजेच्या फळीपाशी उभा राहिलो. प्रथम मुख्य कळ बंद केली, की रांग गेली. म्हणजे कुंपण आमच्या घरातच होते. मग एकेका खोलीची वीज चालू करीत गेलो. स्वयंपाकघर चालू: काही नाही. बैठकीची खोली: एक बारीक रेषा, ती भ्रमणध्वनीच्या चार्जरची निघाली. बाबांची खोली चालू केली मात्र, कन्या ओरडली, “आले, सगळे आले!” त्या खोलीत पंखा व दिवा एवढेच होते. पंखा बंद केला, फरक नाही. दिवा बंद केला, रांग गेली.

तोच दिवा. बाबांना वाचता यावे म्हणून मी आणलेला, मी बसविलेला, ज्याबद्दल मी स्वतःवर संतुष्ट होतो तो दिवा. संध्याकाळ झाली की तो लागे, आणि तीच बातम्यांची वेळ. सकाळी तो बंद असे, म्हणून सकाळी रेडिओ बरा लागे. वीज गेली की तो विझे, म्हणून रेडिओ छान लागे. बाबांची दोन्ही वाक्ये एकाच कारणाकडे बोट दाखवीत होती, आणि ते कारण त्यांच्या उशापासून दोन हातांवर लटकत होते.

यातील शास्त्र थोडक्यात सांगतो. एलईडीच्या दिव्यास घरातील वीज जशीच्या तशी चालत नाही. दिव्याच्या बुडाशी एक लहान मंडल असते. ते विजेचा प्रवाह सेकंदास हजारो वेळा तोडते व जोडते आणि त्यातून हवा तेवढा दाब मिळविते. आमच्या दिव्यात ही उघडझाप सेकंदास सुमारे साठ हजार वेळा होत होती. अशी तीव्र उघडझाप साठ किलोहर्ट्झवरच थांबत नाही. तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, अशा सर्व पटींवर ती लहरी उत्पन्न करते. पडद्यावरील खांब म्हणजे हा साठाचा पाढा होता. चांगल्या दिव्यात या लहरी बाहेर पडू नयेत म्हणून वेटोळे व धारित्रे घातलेली असतात. स्वस्त दिव्यात तेवढेच वगळून किंमत कमी केलेली असते. मग घरातील विजेच्या ताराच एरियलचे काम करतात, आणि शेजारचा सेलवरचा रेडिओदेखील त्या ऐकतो. सेलवर चालणाऱ्या रेडिओस विजेचे “कसे कळणार”, या माझ्या प्रश्नाचे उत्तर हे असे होते.

मी बाबांच्या खोलीत गेलो. कपाटावरून ट्रान्झिस्टर काढला, धूळ पुसली, नवे सेल घातले आणि दिवा बंद करून तो त्यांच्या हाती दिला. म्हणालो, “बाबा, तुम्ही म्हणत होता ते बरोबर होते. चूक माझी झाली. दोन वर्षे तुमच्या बातम्या मी बुडविल्या.” त्यांनी बटण फिरविले. पुणे लागले. थोडा वेळ ऐकून ते म्हणाले, “मला वाटले होते, माझेच कान गेले.”

हे वाक्य मला अद्यापि बोचते. त्यांनी रेडिओ कपाटावर ठेवला तो आवड ओसरली म्हणून नव्हे. मुलगा शिकलेला, त्याने हसून सांगितले, तेव्हा आपलेच इंद्रिय खोटे असले पाहिजे, असे त्यांनी मनाशी धरले. एकतीस वर्षे ज्याने काट्याची खोट उसावर घातली नाही, त्याने या वेळी दुसऱ्याची खोट आपल्या कानांवर घेतली. आणि तसे घ्यावयास त्यांना मी लावले.

सदोष म्हणून ठरविलेले ते यंत्र निर्दोष होते. विकणाऱ्यास लिहिलेले पत्र मी फाडून टाकले. दुसऱ्या दिवशी ट्रान्झिस्टर खांद्यास अडकवून मी बाजारात विजेच्या सामानाच्या दुकानात गेलो. प्रत्येक दिवा लावून पाहावयाचा व रेडिओ जवळ नेऊन ऐकावयाचा, असा माझा प्रयोग चालला तेव्हा दुकानदार प्रथम चकित झाला, मग त्यालाच त्यात गोडी वाटू लागली. पाच दिव्यांपैकी तीन ओरडत होते, एक कुजबुजत होता, आणि एक गप्प होता. तो गप्प दिवा चाळीस रुपयांनी महाग पडला. तोच आज बाबांच्या खाटेवर आहे.

या प्रसंगानंतर मला कार्ल जान्स्की या अमेरिकन अभियंत्याची हकीकत अधिक चांगली समजली. अटलांटिक महासागरापलीकडे बिनतारी दूरध्वनीने बोलताना जी खरखर होई तिचे मूळ शोधण्याचे काम बेल कंपनीने त्याजवर सोपविले होते. त्याने फिरते एरियल बांधले व महिनोन्‌महिने नोंदी ठेवल्या. काही खरखर जवळच्या वादळांची होती, काही दूरच्या वादळांची. परंतु एक मंद फुसफुस उरली, आणि ती रोज सुमारे चार मिनिटे आधी येई. सूर्य असे करीत नाही. तारे असे करतात. १९३३ साली त्याने जाहीर केले की, ती आपल्या आकाशगंगेतून येते. दुसऱ्या एखाद्याने ती यंत्राची खोट म्हणून सोडून दिली असती. जान्स्कीने तक्रार पुरती ऐकून घेतली, आणि त्यातून रेडिओ-खगोलशास्त्र हे नवे शास्त्र जन्मास आले.

त्या शास्त्राचे एक मोठे मंदिर आपल्या जिल्ह्याच्या सीमेस लागून असलेल्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावाजवळ खोडद येथे आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या त्या दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्या असून त्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. ती जागा निवडण्याचे एक कारण असे की, तेथे मनुष्यनिर्मित रेडिओ-गोंगाट कमी होता. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास तेथे विद्यार्थ्यांसाठी प्रदर्शन भरते. मुलांना घेऊन मी गेलो होतो तेव्हा आम्हांस प्रथम भ्रमणध्वनी बंद करावयास सांगितले. काही मुले कुरकुरली. मी मात्र मनात म्हणालो, येथेही आधी रिकामा काटा पाहतात.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांपैकी बहुतेकांच्या घरी असे यंत्र नसेल, आणि त्यावाचून काही अडतही नाही. घरात एखादा जुना ट्रान्झिस्टर असेल तर तो मध्यम लहरींवर, जेथे कोणतेही केंद्र नाही अशा जागी लावा. संध्याकाळी तो हाती घेऊन घरातून फिरा. दिव्यांजवळ, चार्जरजवळ, दूरचित्रवाणीजवळ न्या. कोठे आवाज वाढतो, कोठे घटतो, केव्हा, कोणती वस्तू चालू असताना, हे वहीत लिहा. विजेच्या फळीस हात लावणे असेल तर वडील माणसास बोलवा. उंच तार बांधली असेल तर गडगडाट सुरू होण्यापूर्वीच ती काढून टाका; विजेशी खेळ नको. ती वही मला आणून दाखवा. उत्तर पुस्तकातून लिहू नका. जे ऐकले ते लिहा.

आणि ज्यांच्या घरी एखादे आजोबा किंवा आजी एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगत असतील, त्यांनी एकदा वही घेऊन त्यांच्याजवळ बसावे. कारण विचारू नये. केव्हा होते, कशाने थांबते, एवढेच विचारावे.

माझ्यापुरते म्हणाल, तर वर्गात एक फरक पडला आहे. पूर्वी एखादा मुलगा उठून “सर, पण मला तर असे दिसले,” असे म्हणाला, की मी त्यास पुस्तकातील पान दाखवीत असे. आता मी “केव्हा दिसले?” असे विचारतो. पुष्कळदा त्याची चूकच असते. परंतु ते मी पाहिल्यानंतर म्हणतो.

बाबांचे वय आता ऐंशीच्या घरात आहे. ट्रान्झिस्टर पुन्हा त्यांच्या उशाशी आला आहे. क्वचित तो खरखरला म्हणजे ते मला हाक मारतात, आणि मी व्याख्यान न देता आधी घरातील दिवे एकेक करून बंद करावयास जातो.